नवऱ्याचं नाव

तंजावूरहून सुटलेली सकाळची पॅसेंजर पापनाशमच्या अलीकडे रेंगाळली होती. तिकीट तपासनीस सांबशिव दुसऱ्या वर्गाच्या डब्यात शिरला आणि खिडकीशी बसलेल्या कृष्णवेणीबाई त्याला दिसल्या. बाई राजवाड्यामागच्या त्याच्याच मराठी गल्लीतल्या. नवरा कुंभकोणमच्या इस्पितळात पडून होता, म्हणून त्या रोज जेवणाचा डबा घेऊन जात.

काही वर्षांपूर्वी सांबशिवची आई ह्याच बाईंकडे त्यांच्या मुलीला, नित्याला, मागणी घालायला गेली होती. बाईंनी तिला ओसरीवरूनच वाटेला लावलं. "तिकिटं तपासत हिंडणाऱ्याला द्यायला मुलगी काय रस्त्यावर पडलीय?" असं त्या मागाहून म्हणाल्या, आणि गल्लीभर हसू झालं. सांबशिवचं पुढे जननीशी लग्न झालं, संसार मांडला. पण ते हसू त्याच्या कानातून गेलं नाही.

त्याला पाहताच बाईंचा चेहरा उजळला. शेजारच्या फुलवालीला त्या तमिळमध्ये म्हणाल्या, "आमच्या गल्लीतलाच मुलगा." आणि महिन्याचा पास पुढे केला.

पासाची मुदत संपून गेली होती. सांबशिवने तो उजेडात धरला. पुन्हा वाचला. पोटात काहीतरी गोड पसरत गेलं.

"अम्मा, पास संपलाय," तो तमिळमध्ये म्हणाला. गल्लीत तो त्यांना मावशी म्हणायचा.

बाई गोंधळल्या. मग पुढे वाकून हळूच घरच्या मराठीत म्हणाल्या, "सांबा, विसरले रे. ह्यांचं पुन्हा ऑपरेशन झालं, त्या धांदलीत ध्यानातच राहिलं नाही. उतरले की नवा काढते. चारचौघांत नको रे, बाळा."

डब्यात ती भाषा त्या दोघांनाच कळत होती. 'बरं, मावशी' एवढं म्हटलं असतं तरी कुणाला पत्ता लागला नसता.

"तमिळमध्ये बोला, अम्मा," तो मोठ्याने म्हणाला. "काय म्हणताय ते सगळ्यांना कळू दे."

माना वळल्या. बाईंनी अडखळत तेच तमिळमध्ये सांगितलं. 'बाळा' तेवढं गाळलं.

दंडाइतके पैसे त्यांच्याकडे नव्हते.

"मग पापनाशमला उतरा आणि पोलिसांकडे बसा. नाहीतर ह्यांच्याकडे मागा."

बाईंनी फुलवालीकडे पाहिलं.

"नुसतं बघून कसं कळेल तिला? मागा."

त्यांनी मागितले. फुलवालीने कनवटीचे काढून दिले. कमी पडले ते समोरच्या म्हाताऱ्याने घातले. सांबशिवने पावतीपुस्तक उघडलं.

"नवऱ्याचं नाव?"

पावतीवर नवऱ्याचं नाव लागत नाही. पण ते बाईंना कुठून माहीत असणार! त्यांचा हात मंगळसूत्राकडे गेला. लग्न झाल्यापासून ते नाव त्यांनी तोंडातून काढलं नव्हतं. घेतलं की नवऱ्याचं आयुष्य घटतं, असं त्या मानत, आणि गल्लीत हे पोराटोरांनाही ठाऊक होतं.

"तुला माहीत आहे की रे," त्या कुजबुजल्या.

"तमिळमध्ये."

"कागद दे. लिहून देते."

"तोंडाने सांगा. स्टेशन येतंय."

बाईंनी डबा मांडीशी घट्ट धरला. "रघोजी," त्या म्हणाल्या.

"ऐकू नाही आलं."

"रघोजी!" एवढ्या मोठ्याने की पलीकडच्या बाकावरचं मूल दचकून रडू लागलं.

संध्याकाळी आई नव्या रंगीत टीव्हीसमोर बसली होती. सांबशिव सांगू लागला तशी तिने केबलवरच्या मालिकेचा आवाज बंद केला.

"दोनदा घ्यायला लावलंस?"

"दोनदा."

"रडली?"

बाई रडल्या नव्हत्या. "रडली," सांबशिव म्हणाला.

"पहिल्यापासून सांग," आई पाय पोटाशी घेऊन बसली. त्याने पहिल्यापासून सांगितलं. ह्या खेपेला बाईंनी हातही जोडले. जननी ताटं वाढत होती. पळी तशीच सोडून ती परसात निघून गेली.

दुसऱ्या दिवसापासून कृष्णवेणीबाई गाडीला दिसेनात. गावोगाव थांबत जाणाऱ्या बसने त्या जात, बहुतेकदा उभ्यानेच. कुंभकोणमला पोचेपर्यंत रघोजींची जेवणाची वेळ टळून गेलेली असे.

"आज होती का रे?" आई रोज विचारी. शेवटी सांबशिवने सांगून टाकलं की ती आता गाडीला येत नाही.

आईचा चेहरा उतरला. "अय्यो," ती म्हणाली, "मग संपलंच की!"