दुसरी डिस्क

माझ्या थोरल्या दिरांना एकच गोष्ट मनापासून जमते, ती म्हणजे संशय घेणं. बाकी सगळं ते आवाज चढवून भागवतात. कापडछपाईचा कारखाना दोघा भावांचा. दादा विक्री बघतात, माझा नवरा डिझाइन करतो. पडदे, चादरी, उशांचे अभ्रे. घरोघरी ज्या फुलापानांकडे कोणी ढुंकूनही बघत नाही, ती माझ्या नवऱ्याने डोळे फोडून काढलेली असतात. आणि मी कारखान्याचे कॉम्प्युटर सांभाळते. लग्नाआधी मी हेच काम बाहेर करायचे. लग्नानंतर ते घरचं काम झालं, म्हणजे पगार बंद झाला आणि टोमणे सुरू झाले.

वाटणी ठरली होती. भावाभावांचं एकमेकांशी बोलणं बंद होऊन बरेच महिने झाले होते. निरोप आम्हा बायकांमार्फत जायचे आणि जाताना त्यात तिखटमीठ पडायचं. कारखाना आणि यंत्रं दादांकडे राहणार होती, बाजारातला गाळा आमच्याकडे येणार होता. डिझाइन मात्र दोघांची. नवीन स्टोरेज बसलं की मी सगळ्या डिझाइनची एक प्रत काढायची आणि ती आम्ही घेऊन बाहेर पडायचं, असं बोलणं झालं होतं. हे कबूल करताना दादांचा चेहरा दाढ काढून घेतल्यासारखा झाला होता. माझ्या नवऱ्याचं मात्र सगळं त्या प्रतीवर अवलंबून होतं. गाळा काय, चार भिंती आणि एक शटर. डिझाइन नसतील तर त्यात बसून तो माश्या मारणार होता.

नवीन स्टोरेज हौसेने घेतलं नव्हतं. जुन्या सर्व्हरच्या डिस्क मरायला टेकल्या होत्या. आज एक फाइल उघडत नाही, उद्या दुसरी. मी घाईघाईने एक स्टोरेजचा डबा मागवला. त्याच्यासोबत बॅकअपसाठी आणखी एक लहान पेटी घ्या, असंही सांगून पाहिलं. दादा म्हणाले, एकदा खर्च केला ना, आता पुरे. नवऱ्याने 'वेगळे झालो की बघू' म्हणून हात झटकले. या एका बाबतीत दोघा भावांचं एकमत झालं, याची तेव्हा नोंद घ्यायला हवी होती.

हा डबा म्हणजे एका पेटीत बसवलेल्या डिस्क, ज्या सर्व्हरला नेटवर्कच्या केबलवरून वापरता येतात. आतल्या सगळ्या डिस्क एकत्र करून मी त्यांची एक मोठी डिस्क केली होती. डब्यापासून सर्व्हरपर्यंत मी दोन केबल टाकल्या, नेटवर्कच्या दोन वेगळ्या स्विचमधून. एखादी केबल उंदराने कुरतडली किंवा एखादा स्विच जळला तर काम दुसऱ्या वाटेने चालू राहावं म्हणून. आता सर्व्हर ज्यावर चालतो ते लिनक्स पडलं भोळं. त्याला एका केबलवरून डिस्क दिसते, दुसऱ्या केबलवरून तीच डिस्क पुन्हा दिसते, आणि दोन डिस्क आहेत असं सांगून ते मोकळं होतं. त्यासाठी मल्टिपाथ नावाची सोय बसवावी लागते. ती दोन्हींचा ओळख क्रमांक तपासते, क्रमांक एकच आहे हे बघते आणि दोन्ही वाटांना मिळून एक नाव देते. घराला पुढचं आणि मागचं असं दार असलं म्हणून घरं दोन होत नाहीत. एवढी साधी गोष्ट आहे. पण ती आमच्या घरात सांगायची होती.

मी केबल जोडून पहिल्यांदा डिस्कची यादी काढली तेव्हा दादा नेमके माझ्या खुर्चीमागे उभे. पडद्यावर दोन ओळी होत्या, दोन नावं, आकार अगदी सारखा. त्यांनी बोट लावून मोजल्या. मी म्हटलं, ही एकच डिस्क आहे, दोनदा दिसतेय, उद्या नीट करते. त्यांनी 'हं' केलं आणि फोनवर कुठल्यातरी दुकानदाराला झापत निघून गेले. दुसऱ्या दिवशी मी मल्टिपाथ बसवलं, एक केबल काढून बघितली, दुसरी काढून बघितली, काम कुठेही अडलं नाही. मग जुन्या डिस्कवरून सगळी डिझाइन नव्यावर आणली. ती आणता आणताच जुन्या डिस्कनी माना टाकल्या. संध्याकाळी दादा पुन्हा आले, तेव्हा पडद्यावर एकच नाव होतं.

"दुसरी कुठे गेली?" त्यांनी विचारलं.

मी पुन्हा समजावलं. ओळख क्रमांक दाखवला, केबल दाखवल्या, दोन्ही दारांचं उदाहरणही दिलं. काल आपल्या डोळ्यांनी दोन पाहिल्या, आज एक आहे, आणि मधल्या वेळात या खोलीत फक्त तू होतीस, एवढंच दादा परत परत बोलत होते. माझा पारा चढला. मी म्हटलं, डबा उघडून बघा, मी काय पदराखाली घालून नेली का? ते म्हणाले, तुमच्या धंद्यात पदर लागत नाही, बटण दाबलं की झालं.

त्या दिवसापासून घरभर मी डिस्क लांबवलेली सून झाले. जाऊबाई मला बघितलं की आपल्या कपाटाला कुलूप लावायच्या. कारखान्यात कामगार मी आले की गप्प बसायचे. मला अपमानाने झोप लागत नव्हती. जेवताना मी नवऱ्याला सगळं पहिल्यापासून सांगितलं, पाठकोऱ्या कागदावर चौकोन आणि रेघा काढून. त्याने लक्ष देऊन ऐकलं, रेघांवरून बोट फिरवलं आणि हसून म्हणाला, "तू फार हुशार आहेस." घरात निदान एकाला तरी कळलं, या समाधानावर मी ते दिवस काढले.

मग जाऊबाईंचा भाऊ आला. त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, आणि माहेरच्या कौतुकाने जाऊबाई त्याला इंजिनियर म्हणतात, म्हणून सगळेच म्हणतात. सकाळी कारखाना भरात असताना दादा त्याला घेऊन सर्व्हरच्या खोलीत शिरले. ती खोली पूर्वी रंगांच्या पिंपांची होती. अजून तिथे रंगाचा उग्र वास येतो, फरशीवर निळे डाग आहेत, आणि एसीखाली बादली ठेवावी लागते. मी गेले तेव्हा इंजिनियर माझ्या खुर्चीत बसला होता. पासवर्ड दोन्ही मालकांकडे असायचाच, त्यामुळे मला विचारायचं काही कारण नव्हतं. थोड्या वेळाने माझा नवराही आला आणि दाराला टेकून उभा राहिला. दोघे भाऊ एका खोलीत आले म्हणून जाऊबाईही मागोमाग आल्या.

इंजिनियरला अगदीच काही येत नव्हतं असं नाही. येत नसतं तर बरं झालं असतं. त्याने डिस्कवरचं काम थांबवलं, मल्टिपाथ बंद केलं आणि यादी काढली. दोन ओळी पुन्हा हजर.

"ही बघा दाजी," तो म्हणाला. "लपवून ठेवली होती."

मी ओळख क्रमांक बघायला सांगितला. त्याने बघितला. दोन्हींचा एकच आला. मला वाटलं, संपलं एकदाचं. तर तो दादांकडे वळून म्हणाला, एकाच कंपनीचा माल आहे, नंबर सारखे असणारच. दादांनी मान डोलावली. त्याने पहिली डिस्क उघडली, आत डिझाइनचे फोल्डर दिसले. ती बंद करून दुसरी उघडली. तेच फोल्डर, तीच नावं, त्याच तारखा. दिसणार नाहीत तर काय होईल, मागच्या दाराने आत गेलं म्हणून घरातलं सामान बदलतं का? पण आता दादांच्या चेहऱ्यावर असा काही उजेड पडला की तो मी कधी विसरणार नाही. सून चोर आहे हे सिद्ध झाल्याचा आनंद होता तो. जाऊबाईंनी तर कमरेवर हात ठेवले.

वाटणी व्हायच्या आधीच आम्ही गुपचूप प्रत काढून घेतली, असा त्यांनी अर्थ लावला. दादा माझ्याशी बोललेच नाहीत. कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा ते सरळ भावाशी बोलले. आपल्या हक्काचं असताना चोरून घ्यायची बुद्धी कुठून झाली, ही कोणाची शिकवण, आई असती तर काय म्हणाली असती, सगळं काढलं. मग दादा इंजिनियरला म्हणाले, दुसरी पुसून टाक. वाटणी होईल तेव्हा होईल, तेव्हा द्यायचं की नाही ते मी बघेन.

इंजिनियरने पहिली डिस्क उघडून ठेवली, ती दादांची. मग दुसरी, आमच्या नावावर लागलेली, पुसायला घेतली. अशा डब्यांवर एका हुकमात सगळी डिस्क रिकामी करता येते, आणि नेमका तोच हुकूम त्याला पाठ होता. त्याने तो टाइप केला. मी त्याच्या आणि कीबोर्डच्या मध्ये हात घातला.

"दादा, ही दुसरी नाही," मी म्हटलं. "ही तीच आहे. हे बटण दाबलंत तर तुमचंही जाईल आणि आमचंही. काहीही उरणार नाही. मी पाया पडते हवं तर."

"घाबरली बघा," जाऊबाई म्हणाल्या.

मी केबल उपटायला डब्याच्या रॅककडे धावले. दोन्ही केबल काढल्या असत्या तर कोणाच्या बापाला काही पुसता आलं नसतं. माझा हात केबलपर्यंत पोहोचला होता. तेवढ्यात नवऱ्याने माझं मनगट धरलं. घट्ट धरलं.

"करू दे त्यांना," तो म्हणाला. "होऊ दे त्यांच्या मनासारखं."

मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. माझ्या मनात आलं, हा थकला. भांडून भांडून याचा जीव विटला, आणि आपल्या हातचं सगळं भावाच्या अंगावर फेकून हा निघाला. त्याची दया आली आणि रागही आला. इंजिनियरने बटण दाबलं. डब्यावरचे दिवे थोडा वेळ भराभर लुकलुकले आणि पूर्ववत झाले.

"पहिली आहे ना शाबूत?" दादांनी विचारलं. इंजिनियरने उघडून ठेवलेल्या डिस्कची यादी दाखवली. फोल्डरांची नावं जशीच्या तशी होती. सर्व्हरच्या लक्षात ती अजून होती, म्हणून तो दाखवत होता. खाली डिस्कवर काही राहिलं नव्हतं. दादा हसले. त्यांनी इंजिनियरच्या पाठीवर थाप मारली आणि जाऊबाईंना चहाचं बघायला सांगितलं.

चहा यायच्या आधी छपाईचा मास्तर आला. एका मोठ्या हॉटेलच्या पडद्यांचं काम यंत्रावर लागलं होतं. कापड चढवलं, रंग भरले, पण फाइल उघडत नाही, म्हणाला. इंजिनियरने फाइल उघडून पाहिली. दुसरी पाहिली. तिसरी पाहिली. मग डिस्क बंद करून पुन्हा उघडायला गेला, तर या डिस्कवर काहीच नाही असं सर्व्हरने त्याला स्वच्छ सांगितलं. त्याने केबल हलवून बघितल्या, सर्व्हर बंद करून चालू केला. कपाळावरचा घाम पुसत तो माझ्याकडे बघायला लागला, आणि त्या बघण्यावरून मला कळलं की त्याच्या डोक्यात आता कुठे प्रकाश पडला.

दादांच्या डोक्यात तोही पडला नाही. हिने आधीच काहीतरी करून ठेवलं असणार, म्हणून ते माझ्यावर ओरडायला लागले. ओरडता ओरडता मध्येच थांबले आणि एका उपड्या पिंपावर बसले. मास्तर विचारत होता, यंत्र बंद करू का? जाऊबाई भावाला खेचून बाहेर घेऊन गेल्या. मला दादांची कीव यायला हवी होती. अजिबात आली नाही. मला वाटत होतं की ते पिंप त्यांच्याखालून काढून घ्यावं.

नवऱ्याने मला दंडाला धरून बाहेर नेलं, जिन्याच्या वळणावर, जिथे यंत्रांच्या आवाजात वरचं बोलणं खाली ऐकू जात नाही. मला भडभडून आलं होतं. कितीतरी वर्षांचं त्याचं काम, ती पानं, त्या वेली, एकेका रंगासाठी केलेली डोकेफोड, आणि ते वाचवायला निघालेला माझा हात त्यानेच धरला होता. आता याला जवळ घेऊन काय सांगायचं, कसं सावरायचं, याची मी मनात जुळवाजुळव करत होते. तो मात्र जिन्यावरून खाली वाकून कोणी येतंय का ते बघत होता. मग माझ्याकडे वळला. त्याचा चेहरा खुलला होता.

"काय जिरवलीस," तो म्हणाला. "मानलं तुला. कुठे ठेवलीस?"

"काय?"

"दुसरी डिस्क."

मी त्याला सांगितलं, दुसरी नव्हती. त्या रात्री कागदावर काढून दाखवलं तेच खरं होतं. एकच डिस्क होती आणि ती आता रिकामी आहे.

त्याने पुन्हा एकदा खाली वाकून बघितलं, माझा हात हातात घेतला आणि आवाज आणखी खाली आणला.

"अगं, ते त्यांना सांगायचं," तो म्हणाला. "मला तरी खरं सांग."