बांधाची फळी

तिंगांगमामाला सरकारी बांध डोळ्यांसमोरही नको असायचा. धुराच्या त्या भयंकर वर्षानंतर आमच्या गावात जमीन जाळायला बंदी आली आणि पाठोपाठ कालव्यांवर लाकडी बांध आले. आमची काळी दलदल वाळून पेटली की आतल्या आत धुमसत राहते, महिनोन् महिने विझत नाही. म्हणून पाणी जमिनीखाली चाळीस सेंटिमीटरपेक्षा खोल जाऊ द्यायचं नाही, असा नियम. गेलं आणि तसंच राहिलं, तर रान राखायचा गावाचा परवाना रद्द. पाणी मोजायचं काम माझ्याकडे.

त्या ऑगस्टात मामाच्या रबराच्या रानात, पाणी मोजायला जमिनीत पुरलेल्या नळीत काठी सोडली, तर बावन्न! बांधाची वरची फळी काढलेली होती. हे उद्योग कोणाचे, ते विचारायला नकोच होतं. त्या वाटेनं रबर नेणारी होडी एकच, मामाची.

"मामा, फळी तू काढलीस?"

"मग काय होडी खांद्यावर घेऊन नाचू? या वयात?"

"बावन्न भरलंय. वर कळवावं लागेल."

"कळव ना! मोठी साहेबीण! तुला खांद्यावर घेऊन कोण फिरायचं गं?"

तोच फिरायचा. बाप गेल्यावर त्यानंच मला वाढवलं. त्याच्या नावानं तक्रार लिहायची, की गावाचं रान घालवायचं? मला रडूच येत होतं, पण मी म्हटलं, "लिहीन. आधी माझ्याबरोबर बेजेवर चल."

बेजे म्हणजे आजोबांनी दलदलीत खणलेला मासळीचा खड्डा. पुरात मासे येतात, पाणी ओसरलं की त्यात अडकतात. दलदलीचं पाणी ओढून नेणारा कालवा खणला आणि तो कोरडा पडला, म्हणून मामा बारा वर्षं तिकडे फिरकला नव्हता.

कुरकुरत आला. खड्ड्यात वीतभर पाणी, त्यात तीन मोठ्या मरळी तोंडं उघडून वर येत होत्या. खड्ड्याच्या आतल्या बाजूला कमरेएवढ्या उंचीवर ओल्या चिखलाची रेघ होती.

"अगं, पाणी इथवर आलं होतं?"

"बांधामुळे आलं होतं. गेलं कुठे, ते तू सांग."

मामानं उकिडवं बसून त्या रेघेवर बोट फिरवलं. मग बांधावर गेला, फळी बसवली आणि फटींत हातानं चिखल भरला. मी बावन्नच लिहिलं. खाली लिहिलं, फळी ज्यानं काढली त्यानंच बसवली.

आता होडी दोघं-तिघं मिळून ओंडक्यांवरून बांधापलीकडे ढकलतात. मामा नुसता ओरडतो, "फळी सांभाळा रे, गाढवांनो!"

पुढच्या ऑगस्टात बेजे उपसायला घेतलं. चिखलात उतरेल त्याला वाटा, ही आमची रीत. मी काठावर उभी राहून तिथल्या नळीतलं पाणी मोजत होते. छत्तीस. सगळ्यांत मोठी मरळ मामानं माझ्या टोपलीत टाकली.

"मी कुठं चिखलात उतरले, मामा?"

"सगळ्यांच्या आधी तूच उतरलीस गं," तो म्हणाला आणि पुन्हा कमरेएवढ्या पाण्यात शिरला.