मिठाची टेस्ट राइड

ऐका ना, मितेशनं ती नवी गाडी का नाय घेतली ते तुम्हाला कोणीतरी काहीतरी सांगितलं असणार. पण मी तिथं होतो, मागच्या स्कूटरवर बसून सगळं बघितलंय, तर माझं ऐका.

त्याची क्रूझर तुम्ही बघितलीय. बुटकी, रुंद, सोफ्यासारखी सीट, मागच्याला टेकायला पाठ. रोह्याहून डोलवीला कंपनीत शिफ्टला जायला घेतली होती आणि खूश होता तिच्यावर. मग उन्हाळ्यात नागोठण्याच्या पुढं त्याला एका दुधाच्या टेंपोनं ओव्हरटेक केलं. तेही चाललं असतं, पण ड्रायव्हरनं वळूनसुद्धा नाय बघितलं. हे त्याला लागलं. त्या दिवसापासून डोक्यात एकच, जास्त ताकदीची गाडी. माझ्या बहिणीच्या हळदीत सगळे नाचतायत आणि हा नवऱ्यामुलाला कोपऱ्यात घेऊन टॉर्क समजावतोय. त्या बिचाऱ्याच्या तोंडाला हळद, त्याला पळता पण येईना.

पेणच्या शोरूममध्ये हमझा हाय ना, तो बोलला, "क्रूझर इथं सोड, ही घेऊन जा, एक्स्चेंजमध्ये बसवतो. पण एकच पीस हाय. शनिवारी संध्याकाळपर्यंत सांग, नायतर अलिबागचा एकजण टपून बसलाय."

मितेश तयारच होता. फक्त बापाला विचारायचं बाकी होतं. जनूकाकांनी सगळी उमर धरमतरच्या बाजूला मिठागरात काढली, आता घरीच असतात, बोलतात कमी. त्यांनी ऐकून घेतलं आणि बोलले, "घे. पण गणपती बसला पाहिजे."

त्यांच्याकडं गणपती पेणवरून येतो तो दुचाकीवर, जनूकाकांच्या मांडीवर. आधी सायकल होती, मग मोपेड, मग क्रूझर. मी एकदा विचारलं, काका, टेंपो का नाय करत? तर बोलले, "टेंपोत सामान येतं."

झालं. शनिवारी सकाळी मितेश आणि काका क्रूझरवर, मी माझ्या गाडीवर, शोरूमला हजर. काकांच्या मांडीवर पाट, पाटावर खड्या मिठाची गोण, वरून लाल फडकं, मूर्तीवर टाकतात तसं.

हमझा बोलला, "काका, टेस्ट राइडला सामान चालत नाय."

"सामान नाय. गणपतीच्या जागेवर हाय."

"पण मीठ का?"

"मूर्तीएवढंच वजन हाय."

"मूर्ती कधी तोलली तुम्ही?"

"दरवर्षी उचलतो ना."

हमझानं नवी गाडी बाहेर काढली. आयला, काय गाडी! पण मागची सीट एवढी वर की काकांचा पाय पोचेना. हमझानं आतून प्लास्टिकची खुर्ची आणली. काका खुर्चीवर चढले, खुर्चीवरून गाडीवर, मग आम्ही पाट वर दिला.

मितेशनं विचारलं, "कसं वाटतंय?"

"माडावर बसल्यासारखं. टेकायचं कुठं?"

हमझा बोलला, "काका, ही स्पोर्टी हाय."

"स्पोर्टीत टेकत नाय?"

"नाय. पाठीची फिटिंगच येत नाय हिला."

"बरं."

शोरूमचा माणूस सोबत पाहिजे असा नियम हाय, म्हणून हमझानं स्कूटर काढली आणि मी त्याच्या मागं बसलो. निघालो बाजारातून.

आता तुम्हीच विचार करा. श्रावण, पेणचा बाजार, म्हातारा माणूस, मांडीवर पाट, पाटावर लाल फडक्याखाली काहीतरी, आणि गाडी एकदम हळू. पहिल्यांदा पानवाल्यानं हात जोडले. मग एसटीची वाट बघणाऱ्या बायांनी. चौकात हवालदारानं शिट्टी मारून अख्खा डंपर थांबवला आणि आम्हाला वाट दिली. दोन-चार पोरं मोरया मोरया करत मागं धावायला लागली. फुलवाली पुतळीमावशी तर टोपली सोडून आली आणि फडक्यावर जास्वंदीचं फूल ठेवलं.

"अगो बाय, एवढ्या लवकर?"

काका बोलले, "जरा गाडी दाखवायला आणलाय."

खोटं कुठं बोलले?

हमझा मला बोलतो, "भाई, हे थांबवायचं कसं आता?" मी बोललो, "मला काय विचारतो, गाडी तुझी हाय." हमझा स्वतःच हॉर्न वाजवून गर्दी बाजूला करायला लागला.

बाजार संपतो तिथं रस्ता मोकळा होता. मितेशनं मूठ पिळली. जास्त नाय, एवढीशीच. गाडी पुढं गेली आणि काका मागं गेले. पाय वर, चपला समोर. टेकायला काय नाय, आणि हात पाटावर, कारण सोडले तर गणपती पडणार, म्हणजे मीठ. मितेश घाबरला, त्यानं ब्रेक मारला. मग काका पुढं आले. गोण त्यांची छाती आणि मितेशची पाठ यांच्यामध्ये सापडली आणि तिची शिवण उसवली.

फडक्याखालून पांढरं काहीतरी रस्त्यावर सांडायला लागलं आणि वरून फडकं हळूहळू खाली बसायला लागलं.

मागून एक बाई ओरडली, "अगो, बाप्पा खाली बसला!"

दुसरी बोलली, "शाडूचा असेल गो. विरघळला."

एका पोरानं फोन काढला. हवालदार पळत आला, त्याच्या मागं पुतळीमावशी. काका गाडीवरून घसरत खाली उतरले, उसवलेली गोण पाटावर नीट ठेवली आणि बोलले, "मीठ हाय."

मग हवालदार बोलला, "मी मिठासाठी डंपर थांबवला?"

"व्हय."

"आणि माझं फूल?" पुतळीमावशी.

काकांनी फूल परत दिलं. तिनं झटकलं आणि टोपलीत ठेवायला घेऊन गेली.

मितेश गाडीला धरून उभा होता, तोंड उतरलेलं. तो काकांच्या बोटांकडं बघत होता. पाटाची कड रुतून वळ उठले होते लाल. आणि काका? काकांचे डोळे चमकत होते हो! मी त्यांना एवढं खूश कधी बघितलंच नाय.

"पोरा, काय दम हाय रे हिच्यात! घे. आणि घरी जाताना परत तसं कर."

"नाय घेणार."

"का?"

"तुम्ही धरणार कुठं?"

"मी कुठं काय धरतो? मी मूर्ती धरतो."

"तेच."

काका मग माझ्याकडं बोट दाखवून बोलले, "हा ऋत्विक बसेल मूर्ती घेऊन. रिकामाच असतो."

"आणि तुम्ही?"

"मी टेंपोनं येतो."

मितेश बोलला, "टेंपोत सामान येतं."

काका खाली वाकून मीठ भरायला लागले. संध्याकाळी अलिबागवाला गाडी घेऊन गेला.

मग हरतालिकेच्या दिवशी आम्ही खरा गणपती आणायला गेलो. तीच क्रूझर, काका पाठीला टेकून, तेच लाल फडकं, मी मागं माझ्या गाडीवर. चौकात तोच हवालदार. अडवलंन.

"काय हाय?"

"गणपती."

"दाखव."

आता पूजा होईपर्यंत तोंड तर दाखवायचं नसतं. काकांनी विचार केला आणि फडकं खालच्या बाजूनं थोडं उचललं. हवालदारानं वाकून उंदीर बघितला, बोटानं पाट चाचपला, ते बोट चाटून बघितलं आणि मग डंपर थांबवला.

नागोठण्याच्या पुढं दुधाच्या टेंपोनं आम्हाला ओव्हरटेक केलं. तोच होता की दुसरा ते मला माहीत नाय, मितेश बोलतो तोच. पण या वेळी ड्रायव्हरनं वळून बघितलं आणि हात कपाळाला लावला.

मितेशची मान अशी ताठ झाली. मागून काका बोलले, "ती गाडी असती तर याला मागं टाकला असता."

मितेश बोलला, "व्हय."

आणि चाळीसच्या स्पीडनं आम्ही रोह्याला आलो.