प्रतिवादी गैरहजर

आमचं गाव जागचं हललं नाही, पण आमचं कोर्ट मात्र सारखं फिरत राहिलं. आजोबांच्या काळात सगळं खोरं वरच्या डोंगरी गावातल्या कोर्टाखाली होतं. तिथला न्यायाधीश घोड्यावरून यायचा आणि धान्याच्या कोठारात बसून निकाल द्यायचा, असं आजोबा सांगत. पुढे रेल्वे आली, तेव्हा कोर्ट स्टेशनाजवळ गेलं. वडिलांच्या तरुणपणी सरकारातल्या वरच्यांना काय सुचलं कोण जाणे, त्यांनी हद्दीचे तुकडे केले आणि आमच्या गावाला स्वतःचं छोटं कोर्ट मिळालं. आणि आता पुन्हा सगळं एकत्र करायचं ठरलं. छोटी कोर्टं परवडत नाहीत म्हणे, म्हणून आमचं बंद. कुणीतरी नकाशावर पट्टी ठेवली आणि ओढा ही दोन मोठ्या कोर्टांमधली नवी हद्द ठरवून टाकली. ओढ्याच्या अलीकडे मी राहते, पलीकडे माझा भाऊ.

माझी आणि भावाची केस आहे. वडिलांच्या लाकडाच्या वखारीत मला अर्धा वाटा हवा, आणि तो म्हणतो, वखार मी चालवली, घाम मी गाळला. दोघांचंही खरं आहे, म्हणून तर केस इतकी वर्षं चालली. वाटा माझा आहे, हे मी आजही ठासून सांगेन. पण खरं सांगायचं तर तारखेला मी वाट्यासाठी जात नव्हते. नवरा गेला, मुलं झाली नाहीत, शिवणाचं मशीन सोडलं तर घरात आवाज करणारं कुणी नाही. आणि भाऊ मला फक्त तारखेलाच दिसायचा.

जुन्या कोर्टात बाहेर एकच बाक होता. त्याच्या एका टोकाला मी बसायचे, दुसऱ्या टोकाला तो, आणि मध्ये पट्टेवाला. आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो, अबोला म्हणजे अबोला. जे सांगायचं ते पट्टेवाल्याला सांगायचं.

"त्याला म्हणावं, खोकला वाढलाय, मफलर घालत जा."

पट्टेवाला मान वळवून सांगायचा, "मफलर घाला म्हणतात."

"तिला म्हणावं, स्वतःच्या गुडघ्यांचं बघ आधी."

"गुडघ्यांचं बघा म्हणतात," पट्टेवाला मला सांगायचा. एकदा वैतागून तो म्हणाला, "मला दोन पगार द्यायला पाहिजेत." आम्ही दोघंही हसलो, पण वेगवेगळ्या दिशांना बघून. वकिलांनी मुदत मागितली की मला आतून बरं वाटायचं. एक तारीख वाढली, म्हणजे एक भेट वाढली.

वखार ओढ्याच्या पलीकडे, म्हणून केस त्या बाजूच्या नव्या कोर्टाकडे गेली. ते मोठ्या शहरात. दोन बस बदलून मी पोहोचले, तर तिथे भिंतीवर पडदा, पडद्यावर केसचे आकडे, आणि वादींची रांग एकीकडे, प्रतिवादींची दुसरीकडे. मी समोरच्या रांगेतला एकेक चेहरा बघून घेतला. भाऊ नव्हता. आमचा आकडा लागला. त्याचं नाव एकदा पुकारलं, दुसऱ्यांदा पुकारलं, तिसऱ्यांदाही पुकारलं.

"प्रतिवादी गैरहजर," माझा वकील उठून म्हणाला. त्याला आनंद लपवता येत नव्हता. माझ्या कानाशी वाकून तो कुजबुजला, "बाई, तोंड गोड करायची तयारी ठेवा. त्यांचा वकीलही आला नाही. आता एकतर्फी चालेल, आणि निकाल आपल्या खिशात."

निकाल लागला की तारखा संपल्या. शिवाय मला खात्री होती की तो सवयीने जुन्याच कोर्टात जाऊन बसला असणार. लहानपणी शाळेची इमारत बदलली, तेव्हा आठवडाभर हा पठ्ठ्या जुन्या शाळेच्या दारात उभा राहायचा.

मी उभी राहिले. वकिलाने माझ्या बाहीचा कोपरा ओढला, पण मी कुठली ऐकतेय. "साहेब, त्याला पुढची तारीख द्या. तो चुकून जुन्या कोर्टात गेलाय."

न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुम्ही वादी ना? प्रतिवादीसाठी मुदत तुम्ही मागताय?"

"हो. तो तसाच आहे पहिल्यापासून, वेंधळा."

कुणीतरी हसलं. वकिलाने कपाळाला हात लावला. न्यायाधीशांनी पुढची तारीख दिली, आणि मी जिंकल्यासारखी बाहेर पडले.

परतताना मी जुन्या कोर्टाशी उतरले. दाराला कुलूप होतं. अंगण झाडणाऱ्या बाईला विचारलं, तर ती म्हणाली, "सकाळपासून चिटपाखरू फिरकलं नाही इकडे." आजारी पडला की काय, म्हणून मी तशीच ओढ्यावरचा पूल ओलांडून वखारीत गेले. अबोला विसरूनच गेले.

तो खाली बसून रंधे आणि करवती पोत्यात गुंडाळत होता. करवतीचं मोठं यंत्र बंद होतं. मला बघून तो उठला नाही.

"कोर्ट बदललंय, माहीत नव्हतं ना तुला?" मी विचारलं.

"माहीत होतं. नोटीस आली होती."

"मग?"

"मुद्दामच नाही आलो. वकिलालाही सांगून टाकलं, जाऊ नका. मी मुलीकडे चाललोय, कायमचा. फुप्फुसं साथ देत नाहीत आता, भुसा सोसत नाही. म्हटलं, तुझा वाटा तुला मिळून जाईल, भांडण मिटेल."

"मी मुदत मागून घेतली तुझ्यासाठी," मी म्हणाले.

त्याने मान वर केली. "तू? कशाला गं, ताई?"

किती वर्षांनी त्याने ताई म्हटलं होतं. मला खोटं बोलता आलं नाही. "तारीख नसली, तर आपण भेटणार कुठे?"

त्याने पोत्याभोवती सुतळी गुंडाळली. मग हळूच म्हणाला, "ओढ्यावर पूल आहे ना."

"तूही कधी आला नाहीस त्या पुलावरून."

"नाही आलो," तो म्हणाला.

मुलीची गाडी सकाळी त्याला न्यायला येणार होती. मी खाली बसले. सुतळी मी ताणून धरली, गाठी त्याने मारल्या. इतक्या वर्षांत कोर्ट सोडून दुसरीकडे आम्ही पहिल्यांदाच एकत्र बसलो होतो, आणि तेही त्याचं जाण्याचं सामान बांधायला.