डूख धरलेली भिंत

मित्रांनो, मी एक जुनी भिंत आहे, आणि मी डूख धरून बसले आहे. येलदरीच्या धरणामागे डोंगरात एक लहानसं लेणं आहे, त्यातली मी डाव्या हाताची. मला कुणी बांधलं नाही. छिन्नी-हातोड्याने डोंगर पोखरत कारागीर आत आले, तेव्हा मी उघडी पडले. त्यांनी चिखलात भाताचं तूस कालवून मला लिंपलं, वर चुना दिला आणि चित्र काढलं. एक आई, आणि तिच्या कडेवरून भिक्खूच्या पात्रात घास टाकणारं लेकरू. भिक्खू माझ्याजवळ बसून सांगायचे की मनात वैर ठेवू नये. मी सगळं ऐकलं. पण दगडाची जात, मला ते जमलं नाही.

भिक्खू गेले. पुढे गुराख्यांनी आत चुली पेटवल्या. तो धूर मी सोसला. थंडीने काकडलेल्या माणसावर काय रागवायचं? माझा राग एकावरच आहे. सोनपेठहून मित्रांबरोबर धरण बघायला आलेला एक कॉलेजचा पोरगा, परमेश्वर. त्याने मोटारसायकलच्या किल्लीने लेकराच्या गालावर खोल कोरलं, 'परमेश्वर, सोनपेठ'. मित्र म्हणाले, "लय भारी दिसायलंय."

खालच्या गावच्या सरजाबाई दर बुद्ध पौर्णिमेला येतात, झाडून काढतात, मेणबत्ती माझ्यापासून लांब लावतात. त्यांना लेकराचं ते तोंड बघवेना. त्यांनी ओल्या मातीने अक्षरं बुजवली. त्यांची माया होती ती. मला मात्र चीड आली, कारण त्याचं नाव झाकलं गेलं.

यंदाच्या पौर्णिमेला तो परत आला. पोट सुटलेलं, हाताला पहिलीतली लेक, प्रियांका. चित्र तिला नीट दिसेना.

"थांब, पानी मारलं की रंग वर येतेत," म्हणत त्याने बाटली उघडली. इथे येणारा जो तो हेच करतो आणि दर वेळी माझा थोडा रंग वाहून जातो.

"नको बाबा, पानी नको," सरजाबाई म्हणेपर्यंत त्याने ते मारलं होतं. रंग उजळले आणि माती विरघळून खाली ओघळली.

प्रियांका बोट फिरवत वाचू लागली. "पर-मे-श्वर. सोन-पेठ. पप्पा, हे तर तुमचं नाव हाय."

"दुसरा कुनी असंल."

"मग बाळाचं तोंड कुनी खरडलं?"

तो अंगठ्याने अक्षरं घासू लागला. अक्षरं तशीच राहिली. लेकराचा धड असलेला डोळा मात्र पापुद्र्यासकट सुटून खाली पडला. प्रियांकाने बापाचा हात सोडला आणि सरजाबाईंजवळ जाऊन उभी राहिली.

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. एवढी वर्षं मी याचीच वाट बघत होते. पण तो डोळाही माझाच होता, आणि तो आता परत यायचा नाही.

मित्रांनो, हात लावू नका, पाणी मारू नका, हे सांगून मी थकले. आता एवढंच सांगते. नाव कोरायचं असेल तर खुशाल कोरा. मी ते जपून ठेवीन, आणि तुमची लेकरं वाचायला शिकली की त्यांना दाखवीन.