रागावलेले मिस्टर

उदयराव ढवळीकरांना राग येत नसे. यात त्यांची काही थोरवी नव्हती. लंडनच्या एका कौन्सिलच्या पार्किंग खात्यात त्यांनी सगळी नोकरी लोकांचे दंडाविरुद्धचे अर्ज वाचण्यात घालवली होती. 'मी फक्त दोनच मिनिटं गाडी लावली होती' हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा वाचलं होतं, की राग यायची जी काही यंत्रणा माणसात असते ती त्यांच्यात केव्हाच गंजून गेली होती. तरीही ईलिंगपासून वेम्बलीपर्यंतच्या बऱ्याच दुकानदारांच्या मते ते अत्यंत तापट गृहस्थ होते. ही कीर्ती त्यांना त्यांच्या पत्नीने, सुप्रभाताईंनी मिळवून दिली होती.

पद्धत ठरलेली होती. घ्यायचा गालिचा असो, आंब्याची पेटी असो की वॉशिंग मशीन, दुकानदाराने भाव सांगितला की उदयरावांनी उठायचं, "चल, राहू दे" एवढंच म्हणायचं आणि बाहेर जाऊन उभं राहायचं. सुप्रभाताई बसून राहायच्या. पर्स मांडीवर घट्ट धरून, आवाज खाली आणून त्या दुकानदाराला इंग्रजीत सांगायच्या, माझे मिस्टर फार रागावलेत, रागावले की ते जेवत नाहीत. दुकानदार काचेतून बाहेर बघायचा. बाहेर एक उंच माणूस हात मागे बांधून आकाशाकडे बघत उभा असायचा. न जेवणाऱ्या माणसाचं पाप कोण डोक्यावर घेणार? थोड्या वेळाने ताई दार किलकिलं करून हाक मारायच्या, "अहो, या आत." म्हणजे सौदा पटला.

आकाशाकडे बघायची सूचनाही ताईंचीच. लग्नानंतर तुळशीबागेत पहिल्यांदा हा प्रयोग केला, तेव्हा उदयराव बाहेर जाऊन आपल्या चपलांकडे बघत राहिले होते. "चपलांकडे काय बघता?" ताई घरी येऊन म्हणाल्या. "चपलांकडे बघणाऱ्याचा खिसा रिकामा वाटतो. आकाशाकडे बघावं. आकाशाकडे बघणाऱ्याला दुसरं दुकान माहीत असतं."

इंग्लंडमध्ये भाव करत नाहीत, असं इथल्या मराठी मंडळातल्या जुन्या लोकांनी इथे आल्या आल्या बजावलं होतं. ते लोक अजूनही पूर्ण किमतीला घेतलेल्या सोफ्यांवर बसतात.

मग एकदा सुप्रभाताई कढीपत्ता आणायला गाडी घेऊन वेम्बलीला गेल्या, आणि त्यांचा फोन आला भलत्याच गावाहून, वॉटफर्डहून. दुकान हलवलंय का, असं त्या विचारत होत्या. गाडीच्या डाव्या अंगाला पुढच्या दारापासून मागच्या दिव्यापर्यंत ओरखडा होता आणि तो कसा आला हे त्यांना सांगता येईना. त्यानंतर मेमरी क्लिनिक झालं, डिमेन्शिया हा शब्द घरात आला आणि पाहुण्यासारखा न वागता घरच्यासारखा राहू लागला. आता पायही ऐकेनासे झाले. त्यांच्या त्या निळ्या गाडीची सीट खोल. त्यात ताई बसत, पण उठवताना उदयरावांची कंबर आणि ताईंचा धीर, दोन्ही सुटत. घरी येणाऱ्या थेरपिस्ट बाईने सांगितलं, उंच सीटची एखादी गाडी बघा.

"बाबा, ऑनलाइन करा ना," लीड्सहून मुलीने, ऋजुताने सांगितलं. "जुन्या गाडीचा नंबर टाकायचा, ते लगेच किंमत देतात. पाच मिनिटांचा काम आहे."

"पाच मिनिटांचं."

"हां, तेच."

पण उदयरावांना ऑनलाइन करायचं नव्हतं. का, ते त्यांनी ऋजुताला सांगितलं नाही, कारण ते कोथिंबिरीच्या एका जुडीवर अवलंबून होतं. मागच्या महिन्यात ईलिंग रोडच्या भाजीवाल्याकडे, सकाळपासून एक अक्षर न बोललेल्या ताईंनी जुडी उचलून भाजीवाल्याच्या नाकासमोर धरली होती आणि स्वच्छ म्हटलं होतं, "ही जुडी म्हणायची? याहून जास्त कोथिंबीर आमच्याकडे पोह्यांवर असते." त्या वाक्याला सुरुवात होती, शेवट होता आणि मध्ये अपमान होता. भाजीवाल्याने निमूट दुसरी जुडी टाकली. उदयराव ती पिशवी घेऊन फुटपाथवर बराच वेळ उभे राहिले.

म्हणजे घासाघिशीची खोली अजून उघडी होती. बाकी घराचे दिवे एकेक करून गेले होते. ताई गेले काही आठवडे उदयरावांना काहीच म्हणत नव्हत्या. अहो नाही, ऐकलंत का नाही. पाणी हवं असलं की रिकाम्या पेल्याकडे बघत. उदयरावांना गाडीच्या किमतीत फार रस नव्हता. त्यांना एकदा, एकदाच, दार किलकिलं होऊन "अहो, या आत" ऐकायचं होतं.

म्हणून शनिवारी सकाळी ते ताईंना नीट साडी नेसवून, केस विंचरून, मांडीवर पर्स देऊन हँगर लेनजवळच्या एका जुन्या गाड्यांच्या शोरूममध्ये घेऊन गेले.

विक्रेत्याचं नाव क्रेग. वय तिशीचं, पायात टोकदार बूट, हातात टॅबलेट. त्याने ताईंना "बसा, लव्ह" म्हणून खुर्ची दिली. मग "चहा चालेल, लव्ह?" आणि "साखर किती, लव्ह?" उदयरावांनी हा शब्द सबंध संसारात एकदाही वापरला नव्हता. क्रेगने चहा येईपर्यंत तीनदा वापरला.

उंच सीटची मरून गाडी बाहेर उभी होती, चार वर्षं वापरलेली. तिची किंमत काचेवर चिकटवलेली होती आणि ती दगडावरची रेघ आहे, असं क्रेगने हसून सांगितलं. हलवता येण्यासारखं होतं ते फक्त पार्ट-एक्स्चेंजचं, म्हणजे निळी गाडी तो किती धरणार ते. क्रेग निळ्या गाडीभोवती फिरू लागला. उदयराव त्याच्या मागे फिरले.

"सर, आत कसला तरी वास येतोय."

"हिंग."

"तो जातो?"

"आमच्या घरातून अजून गेलेला नाही."

क्रेगने टॅबलेटवर टिचकी मारली. मागच्या सीटवर पिवळा डाग होता. हळदीचा, उदयराव म्हणाले. आणखी एक टिचकी. मग तो डाव्या बाजूच्या ओरखड्यापाशी आला आणि वाकून त्याने त्यावरून बोट फिरवलं.

"हे कसं झालं, सर?"

"पार्किंग," उदयराव म्हणाले. त्यांनी आयुष्यभर फेटाळलेल्या अर्जांपैकी कुठल्याही अर्जात इतकं पोकळ कारण नव्हतं.

आत येऊन क्रेगने टॅबलेट त्यांच्याकडे वळवला. आकडा वाईट होता. तो वाईट असणार हे ठरलेलंच होतं, तो वाईट असल्याशिवाय प्रयोग सुरू होत नाही.

"अजून काही होत असेल तर बघा," उदयराव म्हणाले.

"मॅनेजरला विचारून येतो," असं म्हणून क्रेग मागच्या खोलीत गेला. अर्धवट उघड्या दारातून आत एक मायक्रोवेव्ह दिसत होता आणि मॅनेजर दिसत नव्हता. क्रेग मायक्रोवेव्हसमोर थोडा वेळ उभा राहिला आणि मान हलवत परत आला. उदयरावांना त्याच्याबद्दल एकदम आपुलकी वाटली. त्याचाही बिचाऱ्याचा तोच धंदा होता, आणि त्याला तर साथीला बायकोही नव्हती.

"सॉरी, सर. मॅनेजर म्हणतो, एवढंच."

उदयरावांनी ताईंकडे पाहिलं. ताई चहाच्या कपावरचं चित्र बघत होत्या. मनात इतकी आशा असताना तापट दिसणं सोपं नसतं. ते उठले.

"चल, राहू दे," ते म्हणाले.

ताईंनी मान वर केली. डोळ्यांत काही हललं की नाही, ते बघायला थांबायचं नसतं. थांबलं की प्रयोग पडतो. ते काचेचं दार ढकलून बाहेर आले, निळ्या गाडीपाशी गेले आणि हात मागे बांधले. आकाश करड्या रंगाचं होतं, त्यात बघण्यासारखं काही नव्हतं. ते मन लावून बघत राहिले.

मग राहवेना. त्यांनी मान न वळवता मरून गाडीच्या काचेत पाहिलं. तिच्यात शोरूमचं प्रतिबिंब पडलं होतं. सुप्रभाताई पुढे सरकून बसल्या होत्या. पर्स मांडीवर घट्ट धरलेली. त्या बोलत होत्या. मध्येच एक हात उठला, बाहेरच्या दिशेने हलला आणि परत पर्सवर आला. तोच हात, तीच लकब. क्रेग पुढे वाकून ऐकत होता आणि त्याने काचेतून बाहेर पाहिलं, नेमकं जसं बघायचं असतं तसं.

उदयरावांनी झटकन आकाश पकडलं. करडा रंग आता बरा दिसत होता. त्यांच्या मनात आलं, रात्री ऋजुताला फोन करायचा आणि सांगायचं, तुझी आई आहे. पूर्ण आहे. फक्त तिला दुकानात न्यावं लागतं.

दाराचा आवाज झाला. ओळखीची हळू पावलं जवळ आली.

"अहो," मागून आवाज आला.

उदयराव वळले नाहीत. पहिल्या हाकेला वळायचं नाही, हाही ताईंचाच नियम होता.

"अहो, जरा ऐकता का?"

ते वळले. ताई समोर उभ्या होत्या. कपाळावरची बट वाऱ्याने सुटली होती, चेहरा कामात गुंतलेल्या बाईचा होता.

"माझे मिस्टर दिसले का तुम्हाला?" त्यांनी विचारलं. "इथेच कुठेतरी उभे असतील. उंचसे आहेत."

मराठीत नवऱ्याला आणि बसस्टॉपवरच्या परक्या माणसाला एकाच शब्दाने हाक मारतात. चाळीस वर्षांच्या संसारात उदयरावांना त्याची कधी अडचण झाली नव्हती.

"रागावून गेलेत का?" त्यांनी विचारलं.

"छे हो. त्यांना कुठलं रागावता येतंय." ताईंनी मागे काचेकडे एक नजर टाकून आवाज खाली आणला. "मीच सांगते त्यांना, बाहेर जा म्हणून. पण त्या मुलाला सांगू नका हं. त्याला खरं वाटतंय."

"नाही सांगत."

"आकाशाकडे बघत असतील. नाहीतर बुटांकडे. किती सांगितलं तरी मध्येच बुटांकडे बघतात."

उदयरावांनी बुटांवरची नजर वर घेतली.

एवढ्यात क्रेग टॅबलेट घेऊन बाहेर आला. "ठीक आहे, सर. तुम्ही जिंकलात," तो म्हणाला. "मिसेस म्हणाल्या, तुम्ही काल रात्रीपासून जेवला नाहीत." नवा आकडा चांगला होता. खरं तर फारच चांगला होता, ताईंनी आजवर केलेल्या सौद्यांत बहुधा सगळ्यात चांगला. क्रेगने या वेळी मायक्रोवेव्हलाही विचारलं नव्हतं.

"थँक यू," उदयराव म्हणाले.

"मग घरी जाऊन पोटभर जेवा."

सह्या झाल्या. उदयरावांनी निळ्या गाडीच्या डॅशबोर्डवरचा छोटा गणपती काढून खिशात घातला, मागची शाल काढली, किल्ली क्रेगच्या हातात दिली. ओरखडा आता क्रेगचा झाला. तो पॉलिश करून काढून टाकू, असं क्रेग म्हणाला, एका दिवसाचं काम आहे.

मग त्यांनी मरून गाडीचं पुढचं डावं दार उघडलं. सीट खरंच उंच होती. ताईंना वाकावं लागणार नव्हतं, नुसतं मागे टेकलं की झालं.

"बसा," ते म्हणाले. सुप्रभाताईंना ते आयुष्यात पहिल्यांदा अहो-जाहो करत होते, आणि ते चुकून झालं नव्हतं.

ताईंनी सीटकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं आणि संकोचून मागचं दार धरलं. परक्या माणसाच्या शेजारी बसायची त्यांना सवय नव्हती. मागच्या सीटवर त्या कशाबशा चढल्या. मग दोन सीटच्या फटीतून हात पुढे घालून त्यांनी आपली पर्स पुढच्या सीटवर ठेवली.

"त्यांची जागा धरून ठेवते," त्या म्हणाल्या. "चालेल ना हो?"

"चालेल."

उदयरावांनी इंजिन सुरू केलं. गाडी टिंग टिंग करू लागली. पर्स जड होती, पुढे कुणी माणूस पट्टा न लावता बसलाय असं गाडीला वाटत होतं. त्यांनी वाकून पट्टा ओढला आणि पर्सला लावला. आवाज थांबला.

"निघायचं?"

"थांबू या की थोडं," मागून ताई म्हणाल्या. "येतीलच एवढ्यात. ते असे सोडून जाणारे नाहीत."

उदयरावांनी इंजिन बंद केलं. समोरच्या काचेतून आकाश भरपूर दिसत होतं. गाडी खरंच उंच होती.