जयमालाबाईंचं अक्षर

दाराखालून आत सरकवलेला कागद जयमालाबाईंनी उचलला आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अक्षर त्यांचं होतं. मजकूर मात्र त्यांनी जन्मात लिहिला नव्हता. ‘बिल्डिंग पाडून नवी बांधायला मी संमती दिली. तुम्हीही द्या. आपली, जयमाला.’

संमती? जागा रिकामी केल्यावर घरभाडं कोण देणार ते बिल्डर लिहून देईना, म्हणून तीन मीटिंगांत नाही म्हणाल्या होत्या त्या!

कोपरखैरण्याच्या त्या सोसायटीत खालचा फळा वीस वर्षं त्याच लिहीत. पाणी कधी जाणार, पूजा कधी, कोण वारलं. त्यांनी लिहिलं म्हणजे ते खरंच, असं सगळे धरून चालत.

चोर शोधायला लांब जायला नको होतं. सेक्रेटरी दिलीपरावांचा आशुतोष ऐरोलीत डिझायनर. गेल्या वर्षी गोड बोलून त्याने बाईंकडून चौकटीच्या कागदांवर सगळी अक्षरं लिहून घेतली. जोडाक्षरंसुद्धा, आणि प्रत्येक अक्षर तीन-तीनदा, म्हणजे छापल्यावरही हाताने लिहिल्यासारखं वाटावं. त्याचा फॉन्ट झाला, नाव ‘जिव्हाळा’. लग्नपत्रिकांवर, बारशाच्या कार्डांवर, चकलीच्या पाकिटावर आपलं वळण बघून बाई हरखल्या होत्या. भोळेपणालाही काही मर्यादा असावी.

त्या तरातरा दिलीपरावांकडे गेल्या. “हे कुणी लिहिलं?”

“काकू, टेन्शन कशाला घेता?” आशुतोषने मोबाइलमधून मानही वर केली नाही. “पर्सनल टच यावा म्हणून तुमचा फॉन्ट वापरला.”

“आणि खालचं नाव? तेही फॉन्टबरोबर फुकट येतं का रे?”

“आज ना उद्या तुम्ही हो म्हणणारच होतात, वहिनी,” दिलीपराव हसले.

त्या हसण्यावर मुस्काटात द्यावी असं बाईंना वाटलं. तेवढ्यात टेबलावरच्या उघड्या फाइलीकडे लक्ष गेलं. पहिलंच संमतीपत्र तळमजल्यावरच्या रंगूबाईंचं, खाली निळा अंगठा. नवरा तुर्भ्याच्या मार्केटात ओझी वाहून वारला, मागे तेवढी एक खोली ठेवून. ती सोडून म्हातारी जाणार कुठे?

बाई तशाच खाली उतरल्या. “रंगूबाई, मला न विचारता अंगठा का दिलात?”

“तुमीच कागुद धाडला न्हवं? शेक्रेटरीनं दावला की.”

“वाचलात तरी का तो?”

“मला कुठं वाचाया येतंय, वैनी? पर रोज फळा बघती. अक्षर तुमचं हाय, येवढं वळाकलं. म्हनलं, तुमी लिवलंय म्हंजी आपल्या भल्याचंच आसंल.”

जयमालाबाईंना एकदम रडू फुटेल असं वाटलं, आणि त्याचाही त्यांना रागच आला.

“चपला घाला,” त्या म्हणाल्या. “वर जायचंय. तुमचा अंगठ्याचा कागद हातात पडल्याशिवाय मी त्यांच्या दारातून हलायची नाही.”